दुसरबीडची सुपारी

आजकाल सुपारी घेतली म्हटलं की पोरंसोरं डोळे विस्फारतात. आमच्या वेळी सुपारी म्हणजे इसार. ज्या घरी लग्न असेल त्या घरची बाई यायची, माझ्या हातावर सव्वा रुपया आणि एक अख्खी सुपारी ठेवायची, आणि त्या तिथीपुरती मी त्या घराला बांधली जायची. कागद नाही, सही नाही. सुपारी चिंधीत बांधून मी माझ्या कोपऱ्यातल्या भिंतीवर टांगायची. तिथे खिळ्यांची रांग होती, डावीकडून उजवीकडे तिथ्यांप्रमाणे. दसरा झाला की त्या भिंतीवर चिंध्या लटकायला लागत. दिवाळीच्या सुट्टीत तर खिळे कमी पडत, कारण परगावच्या मास्तर-कारकुनांच्या बायका माहेरी आलेल्या असत आणि तुळशीचं लग्न लागलं की घरोघर मांडव पडायचे असत.

मी नवऱ्या नटवायची. महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हाची ही गोष्ट. देऊळगाव राजात पार्लर हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. नवरीचे केस आत्या नाहीतर मावशी विंचरायची, आणि तोंडाला हळद लागली की झालं नटणं. मी लग्नाआधी अकोल्याला मामाकडे होते, तिथे शेजारच्या एका बाईंकडून शिकले. गंगावन, म्हणजे उसने केस, घालून खोपा कसा भरायचा, तोंड पिठात बुडाल्यासारखं न दिसता पावडर कशी बसवायची, काजळ कुठे थांबवायचं. हात बरा होता माझा. जीभ तिखट होती, ती अजून तशीच आहे.

हे काम मी भावाच्या घरी करायची. भावाच्या घरी मी का होते, तेही सांगून टाकते. मला सुलतानपूरला दिलेली होती. दोन वर्षं काढली तिथे. नवरा मारायचा. मार खाणं ही काही फार मोठी गोष्ट आहे असं तेव्हा मलाही वाटत नव्हतं. पण एका दुपारी भाकर करपली म्हणून सासूने माझा हात धरून ठेवला आणि नवऱ्याने चुलीत तापवलेला उलथना कोपराखाली दाबला. त्या वर्षी पोळ्याच्या सणाला मी माहेरी आले ती परत गेलेच नाही. तेव्हापासून भर उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्यांचं पोलकं घालायची. गिऱ्हाइकांना ती अकोल्याची फॅशन वाटायची.

दादाने ठेवून घेतलं. तो मारवाडी सेठजींच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होता. घर दोन खोल्यांचं, पगार बेताचा. त्याने एकच अट घातली.

"काम कर, माहं काही म्हणनं नाही. पन दाराशी एक जरी भांडन आलं न, तं दुसऱ्या दिवशी तुले सुलतानपूरच्या मोटारीत बसवून देईन. मले चार लोकायत राह्याचं हाय."

दादा वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. तो लोकांना भ्यायचा आणि मी सुलतानपूरला. सुपाऱ्या घेताना माझं तोंड हसरं असायचं, पण प्रत्येक चिंधीला गाठ मारताना मनात यायचं, इथे काही चुकलं तर. एक गोष्ट तर पक्की होती की घेतलेली सुपारी परत करायची नाही. परत आलेल्या सुपारीचा लोक फार वाईट अर्थ काढत. नवरीतच काही खोट असणार, त्याशिवाय कुणी सुपारी परत करेल का, असं उघड बोललं जाई.

त्या दिवाळीत दोन सुपाऱ्या एकाच आठवड्यात आल्या. पहिली दुसरबीडची. शेतकरी घरची बाई, पदरात मुगाची पुरचुंडी घेऊन आलेली. कार्तिक वद्य पंचमी, गोरज मुहूर्त. तिने माझा हात धरला आणि सोडेचना. "बाई, पोरीले चांगली सजवजा. एक सोयरीक मोडली हाय तिची." मी हो म्हटलं आणि चिंधी कार्तिकातल्या खिळ्याला लावली.

दुसरी सुपारी खुद्द सेठाणींची, म्हणजे दादाच्या मालकिणीची. त्या स्वतः आमच्या दारात आल्या, तेव्हा वहिनीला कुठे बसवू अन् कुठे नको असं झालं. "मंगसर बदी पंचमी को फेरे हैं बाई, शाम को. दुपारपासून आना पडेगा." मंगसर म्हणजे मार्गशीर्ष, बदी म्हणजे वद्य, एवढं मला कळत होतं. कळतंय याचा मला गर्वही झाला. मी ती चिंधी उजवीकडच्या टोकाला, मार्गशीर्षाच्या खिळ्यावर टांगली. दीड महिना अवकाश होता.

कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दादा जिनिंगमधून आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "सेठजीकडं मांडवाचे बांबू येऊन पडले. चार दिवसावर फेरे आले. तुह्यी सारी तयारी हाय न?"

मी म्हटलं, "चार दिवस कसे? मार्गशीर्ष वद्यात हाय न त्यायचं."

वहिनी पीठ मळत होती. तिने मान वर केली. "मार्गशीर्ष वद्यात? औंदा तवा धुंधुरमास हाय. धुंधुरमासात कोन लगन करते वो? त्यायचा महिना पुनवेलेच बदलते. आपला अमावस्येपर्यंत कार्तिक, त्यायचा आजपासून मंगसर."

एवढी साधी गोष्ट. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असेल. शुद्ध पक्षात त्यांचा-आमचा महिना एकच असतो, वद्य पक्ष लागला की त्यांचा एक महिना पुढे. सेठाणींची मंगसर बदी पंचमी म्हणजे आमची कार्तिक वद्य पंचमी. दुसरबीडचा गोरज मुहूर्त आणि सेठजींचे फेरे एकाच संध्याकाळी, आणि मी दोन्ही सुपाऱ्या घेऊन बसलेली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. वहिनीला वाटलं मला चहाने पित्त झालं. मी तिला काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने दादाला सांगितलं असतं, असं मी धरून चालले होते. त्या घरात मी सगळ्यांबद्दल असंच धरून चालायची.

रात्रभर मी एकच हिशेब करत होते. सेठाणींना नाही म्हणावं तर दादाची नोकरी जाणार, आणि मग मला कोण ठेवणार? दुसरबीडला नाही म्हणावं तर ते लोक भांडायला येणार. पण दुसरबीड लांब होतं. लग्नाच्या धांदलीतली शेतकरी माणसं, येतील न येतील. सरळ सांगायचं तर दोघांत जो दुबळा होता तो मी निवडला. सकाळी तिकडचं उरकून दुपारी इकडे येता येईल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. गोरज मुहूर्ताची नवरी दुपार कलल्यावरच नटवायची, हेच मला ठाऊक होतं. भ्यालेल्या माणसाचं डोकं चालत नाही, निदान माझं तरी चालत नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीला गंगावन आणायला जाते असं सांगून मी मोटारीत बसले. पाटी मेहकरची. दुसरबीडला थांबून तीच मोटार पुढे सुलतानपूरवरून जायची. मी पदर नाकापर्यंत ओढून खिडकीशी बसले. सिंदखेडला माणसं चढली तेव्हा एकेकाचे जोडे बघत होते, कारण तोंडं बघायची हिंमत नव्हती. एक लाल फेटेवाला मागच्या बाकावर येऊन बसला आणि खाकरला. सासऱ्यांसारखं खाकरला. दुसरबीड येईपर्यंत मी मान वळवली नाही, मानेला रग लागली. उतरताना पाहिलं तर भलताच कुणी म्हातारा होता.

घर शोधावं लागलं नाही, मांडवाचे खांब दिसले. आई घरात असणार, तिला तोंड दाखवायचं, कारण सांगायचं, पाया पडायचं असं मी वाटेत घोकून आले होते. ओट्यावर एक मुलगी तांदूळ निवडत बसली होती. आतून बायकांचे आवाज आले आणि माझं सगळं घोकलेलं पळून गेलं. मी चिंधीची गाठ त्या मुलीच्या सुपात टाकली.

"आईले दे. म्हन, देऊळगावच्या बाईले जमत नाही."

तिने गाठ उचलली, बोटांनी चाचपली. मग माझ्याकडे पाहिलं. काही विचारणार होती बहुतेक. मी थांबले नाही. परतीची मोटार सुलतानपूरकडूनच यायची होती, त्यामुळे फाट्यावरच्या लिंबाच्या झाडामागे मी तास-दीड तास उभी राहिले. एखाद्या चोरट्याने उभं राहावं तशी.

पुढचे दोन दिवस मी दाराच्या कडीकडे कान लावून काढले. कडी वाजली की मी आतल्या खोलीत जायची. दूधवाला आला, मी आत. शेजारीण विरजण मागायला आली, पुन्हा तेच. दुसरबीडहून कसे येतील, बैलगाडीने की मोटारीने, आई एकटी येईल की भावकी घेऊन, ओट्यावरूनच ओरडतील की आत येतील, सगळं मी डोळ्यांपुढे आणून ठेवलं होतं. दादा तेव्हा घरी असेल का, हेही. मी माझी दोन लुगडी घडी करून पिशवीत भरून ठेवली. सुलतानपूरच्या घराचं मागचं दार, तिथला चुलीचा कोपरा, कोनाड्यातला तो उलथना रोज दिसत होता. चतुर्थीला सेठजींकडे जाऊन नवरीच्या हातांवर मेंदी काढली, तेव्हा माझी रेघ प्रथमच वाकडी गेली. कुणी आलं नाही. कुणी का आलं नाही, याची धास्ती आणखी वेगळी.

पंचमीला सकाळी कडी वाजली. दादा ओट्यावर दाढी करत होता, त्यानेच दार उघडलं. दारात दुसरबीडची आई. नवं लुगडं, कपाळाला हळद, धापा टाकत.

"बाई, चाला न! म्या म्हटलं आपनच घ्याले जाव. पोरगी बसली हाय वाट पाहत."

आधी मला वाटलं ही टोमणा मारते आहे. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला काहीच ठाऊक नव्हतं. सुपारी तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

"कुठं चाला?" दादाने विचारलं. अर्ध्या गालावर साबण तसाच. "आज तं सेठजीकडं हाय."

त्या बाईचा चेहरा पडला. "म्हनजे? सुपारी देली न म्या. दिवाळीतच देली." तिचा आवाज चढायला लागला. समोरच्या घराच्या खिडकीत दोन डोकी आली. भांडण दाराशी आलंच होतं. मी परत केली होती सुपारी, एवढं म्हटलं असतं तर ती बाई तिथेच छाती पिटत बसली असती.

"दोन्हीकडं हाय," मी म्हणाले. "दोन्ही सुपाऱ्या घेतल्या म्या."

मग आतून वहिनी हात पुसत आली. "मंग त्यात काय येवढं? साडेआठची मोटार हाय. पोरीले दुपारच्या आत नटवून द्या, बसून राहीन ती गोरजापर्यंत. दोनच्या मोटारीनं परत येजा. सेठाणीकडं मी जाऊन सांगतो." तिने माझी पेटी आणून माझ्या हातात दिली. चार दिवस मी ज्याच्यासाठी मेले, ते तिने कणकेचे हात पुसता पुसता सोडवलं.

दादा मात्र पांढरा पडला होता. "आन मोटार हुकली तं?"

मी चपला घातल्या.

"हुकली, तं परत इकडं येऊच नको," तो हळू आवाजात म्हणाला. "तशीच पुढं जाय."

पुढे म्हणजे कुठे, ते त्याला सांगावं लागलं नाही.

वाटभर ती आई माझ्याशी बोलत होती. माझ्या कानात फक्त दोन वाजताची मोटार होती. घरी पोचल्यावर तिने मला आतल्या खोलीत नेलं, बायकांना बाहेर काढलं, दार ओढून घेतलं. ट्रंकेवर आरसा टेकवून ठेवलेला आणि समोर पाटावर हळदीच्या पातळातली नवरी.

ओट्यावर तांदूळ निवडणारी तीच ही मुलगी, गाठ चाचपणाऱ्या बोटांवरून ओळखली. गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यापर्यंत देवीचे व्रण. दाट, खोल.

तिने कमरेचं खोचलेलं सोडलं आणि माझी चिंधीची गाठ काढून पाटावर ठेवली. गाठ न सोडता जपून ठेवलेली. तिचा आवाज फार शांत होता.

"बाई, माहं तोंड पाहून परत देली न तुमी?"

मी पेटी खाली ठेवली.

"पयल्या पाहुन्यायनं बी असंच केलं होतं. आले, पाह्यलं, आन सुपारी परत. म्हनून म्या मायले नाही सांगलं. कोनालेच नाही सांगलं. मले वाटलं, या बाईच्यानं बी होत नसंन माह्या तोंडाचं काही." मग तिने आरशाकडे पाहत विचारलं, "खरंच होत नाही का हो काही?"

इतके दिवस मी फक्त माझ्या भीतीला धरून बसले होते. ती भीती या मुलीच्या अंगाला जाऊन लागली असेल हे माझ्या मनाला शिवलं नव्हतं. मला तिच्यापुढे लाज वाटली, स्वतःची त्याहून जास्त वाटली, आणि लाज वाटली की माझी जीभ एरवी उलटून बोलते. त्या दिवशी ती उचललीच गेली नाही.

"म्या तुह्यं तोंड पाह्यलंच नोतं, माय," मी शेवटी म्हणाले. "त्या दिवशी म्या कोनाचंच तोंड पाह्यलं नाही."

तिला ते पटलं नाही, दिसतच होतं. म्हणून मी पोलक्याची बाही कोपरापर्यंत वर केली. वहिनी सोडून तोवर तो डाग कुणी पाहिला नव्हता. दोन तिथ्या, दादाची अट, सुलतानपूर, सगळं तिला सांगितलं. सांगताना दारापलीकडे कुणी ऐकत असेल याचीही भीती वाटत होती. तिने ऐकून घेतलं आणि डागाजवळ बोट आणलं, पण लावलं नाही.

"लय दुखलं असंन."

"हाव."

"मंग आता मोटार हुकली तं?"

"हुकू दे," मी म्हटलं. आणि पेटी उघडली.

देवीच्या खळग्यांत पावडर साचते, आणि व्रण झाकण्याऐवजी उठून दिसतात. भरपूर थापणं हा सोपा मार्ग, तो चुकीचा. मी स्नो, म्हणजे तेव्हाचं ते पांढरं क्रीम, अगदी पातळ लावला, ओल्या फडक्याने टिपला, पुन्हा लावला, पुन्हा टिपला. गालांचं काम तासभर चाललं. डोळे तिचे सुंदर होते, ते काजळाने पुढे आणले. खोपा भरला. शेवंतीची वेणी गुंफून अर्धी झाली होती तेव्हा बाहेरून आईने हाक मारली, "बाई, मोटार आली वो!" हॉर्न दोनदा वाजला. मी हातातली पिन तोंडात धरली आणि वेणी पुरी केली. मोटार गेल्याचा आवाज आम्ही दोघींनी ऐकला.

तिने आरशात बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "मीच हाव न?" आणि पहिल्यांदा हसली. ती गाठ तिने माझ्या पेटीत टाकली. "आता परत आनू नका."

फाट्यावर मी तासभर उभी होते. पुढची मोटार सुलतानपूरकडे जाणारी आली, कंडक्टरने दार उघडलं, मी मानेनेच नाही म्हटलं. मग कापसाचा एक ट्रक आला, देऊळगावच्या जिनिंगलाच निघालेला. ड्रायव्हर दादाला ओळखत होता. पुढे जागा नव्हती, मी कापसावर बसले.

सेठजींच्या फाटकाशी पोचले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. वहिनी आत नवरीचे केस मोकळे करून, तेल लावून, विंचरून बसली होती. माझी वाट पाहत तिने निम्मं काम उरकलं होतं. फाटकात दादा उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे, चपलेवर धूळ बसलेली. मी त्याच्यासमोर पेटी घेऊन थांबले. आता तो बोलेल आणि माझा निकाल लागेल, असं वाटलं.

त्याने हात पुढे केला. मी अंग चोरलं, सवयच होती. त्याने माझ्या केसांत अडकलेला कापूस काढला, दुसरा पुंजका कानामागून काढला.

"जाय आत," तो म्हणाला. "थांबले हायत."